सबमिट केलं... आणि मग दिसली चूक!

चिखलदऱ्याला जाऊन कुणी टेन्शन घेतं का? आम्ही घेतलं! धुक्याचा वीकेंड, हातात इथल्याच मळ्यातली कॉफी, समोर गाविलगड. गाइड सांगत होता, "१५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीनं हा किल्ला भोसल्यांकडून घेतला." हे ऐकलं आणि माझी परतवाड्याची मैत्रीण पांढरीफटक. दोनच दिवसांपूर्वी लंडनच्या मास्टर्ससाठी पाठवलेल्या निबंधात तिनं लिहिलं होतं, १८३०. कोर्स कुठला? हेरिटेज!

मग काय, मोबाइलवर पीडीएफ उघडली, सतरा वेळा वाचली. एक स्वल्पविराम गायब असल्याचाही शोध लागला.

तुमचंही असं झालंय ना? पाठवण्याआधी न दिसणारी चूक नंतरच डोळ्यांत खुपते. आणि बहुतेक ठिकाणी परतीची वाट नसते. ब्रिटनमधल्या पदवीसाठी यूकॅसवरून निबंध एकदा गेला की बदलता येत नाही. चेव्हनिंग स्कॉलरशिपचंही तसंच. टायपो असेल तर सरळ गप्प बसा. पण मार्क, पासिंगचं वर्ष, पासपोर्टवरचं नाव चुकलं, किंवा कॉपी-पेस्टच्या नादात दुसऱ्याच युनिव्हर्सिटीचं नाव राहिलं, तर अॅडमिशन ऑफिसला लगेच मेल टाका. हेरिटेजवालीची तारीख याच खात्यात. तिचा माफीनामा चारशे शब्दांचा होता, आजीच्या आजारपणासकट! आम्ही तो दोन ओळींवर आणला.

खरं सांगू? तिची भीती तारखेची नव्हतीच. मराठी मीडियम, घरातून बाहेर अर्ज करणारी पहिलीच. एक चूक दिसली की तिकडचे म्हणणार, "ही आपल्यातली नाही." बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंप्री खंदारेचे राजू केंद्रे याच मेळघाटात काम करून पुढे २०२१ मध्ये चेव्हनिंगवर लंडनला गेले. त्यांचं एकलव्य इंडिया फाउंडेशन अशाच पहिल्या पिढीच्या मुलांना अर्जांसाठी मदत करतं. कॉन्व्हेंटवाल्यांचा निबंध घरात कुणीतरी वाचून देतं. हिचा कुणी वाचला होता?

भीमकुंडाजवळ रेंज आली, मेल गेला. तेवढ्यात मामांचा फोन. सगळं ऐकून म्हणाले, "किल्ला त गेलाच ना हातातून? मंग तारखेचं काय घेऊन बसली बाप्पा!"

ती हसली. आणि पुन्हा पीडीएफ उघडली.