सातवी 'ब'मधले मांजर

नव्या मास्तरांची परीक्षा विद्यापीठ घेते, असा आपला समज असतो. खरी परीक्षा घेतात ती सातवी 'ब'ची मागची बाके, आणि निकाल पहिल्या दहा मिनिटांत लागतो!

माझा निकाल नापासाचा होता. तास भूगोलाचा. फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढीत मी कोकण किनाऱ्यापर्यंत आलो नाही, तोच पाठीमागे मांजर ओरडले. वळून पाहतो तर पंचेचाळीस चेहरे साधुसंतांसारखे! पुन्हा फळ्याकडे वळलो. आता दोन मांजरे. मी संतापून टेबलावर डस्टर आपटले, खडूची धूळ उडाली आणि मलाच शिंका सुरू झाल्या. पुढचे वाचकांनी ताडावे.

वास्तविक बी. एड.ला माझे सूक्ष्म पाठ उत्तम झाले होते. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे अभिप्राय, बारा मिनिटे फेरनियोजन, की पुन्हा सहा मिनिटांचा पाठ. पण तिथे विद्यार्थी म्हणून बसतात ते आपलेच सोबती. उद्या त्यांचाही पाठ असतो. ते कशाला मांजर होतील? म्हणजे पोहायला शिकायचे ते कोरड्या विहिरीत! २०१५ पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि त्यात वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता आली, हे बरे झाले.

छडीचा प्रश्नच नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला मारण्याला आणि त्याच्या मानसिक छळालाही मनाई केली आहे. छडी गेली म्हणून हळहळणाऱ्यांतला मी नव्हे. पण तिच्या जागी काय, हे नव्या माणसाला कुणी सांगायचे?

अमेरिकेत जेकब कौनिन नावाचे मानसशास्त्राचे एक प्राध्यापक होते. वर्गात वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याला ते एकदा रागावले. बोलणी खाल्ली एकाने, गप्प झाला सारा वर्ग! हे गौडबंगाल काय, म्हणून त्यांनी कितीतरी शाळांतले वर्ग चित्रित करून तपासले. १९७० साली त्यांचे पुस्तक निघाले. निष्कर्ष मोठा मौजेचा आहे. गडबड झाल्यावर शिक्षक कसा रागावतो, यावर फारसे काही अवलंबून नसते. चांगल्या शिक्षकाच्या वर्गात गडबड फारशी डोके वर काढीत नाही. कारण त्याला सगळे दिसते, हे मुलांना ठाऊक असते, आणि एक काम संपवून दुसरे सुरू करताना तो मध्ये रिकामा वेळ सोडीत नाही.

आमच्या शाळेतल्या एका वयस्क बाईंनी हे पुस्तक वाचलेले नव्हते. त्या म्हणाल्या, "अहो सर, नकाशा तासाआधीच तयार ठेवा. लिहायचे झाले तर तिरके उभे राहा. आणि आधी नावे पाठ करा. 'ए निळ्या पिशवीवाल्या' म्हटले, तर निळ्या पिशव्या चार निघतात!"

पुढच्या सोमवारी मी छापील नकाशाची गुंडाळी घेऊन गेलो आणि माझ्या संशयातल्या मांजराला नावाने हाक मारून ती टांगायला बोलावले. तो चमकला, मुकाट्याने पुढे आला.

"सर, खिळा ढिला आहे," तो म्हणाला, आणि मधल्या सुट्टीत शिपायाकडून हातोडी आणून त्यानेच तो ठोकला.