आधी कोणते भगदाड बुजवावे?

श्रोतेहो, पाण्याची पाळी चालू असताना पाट चार ठिकाणी फुटला, तर जाणता शेतकरी काय करतो? चारी ठिकाणी एकेक ढेकूळ टाकत धावत नाही. सर्वांत मोठे भगदाड कोणते, आणि ते बुजवायला माती हाताशी आहे का, हे पाहून तो पहिले फावडे मारतो. हवा तापवणाऱ्या वायूंचेही असेच आहे.

आपल्या देशाचा 2020 सालचा हिशेब सरकारने 2024 च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांकडे दिला. सगळे वायू एकाच मापात मोजले, तर शंभरातले सुमारे 76 भाग ऊर्जेचे, म्हणजे मुख्यतः इंधन जाळण्याचे. शेती आणि जनावरे मिळून 14, कारखान्यांतील प्रक्रियांचे 8, बाकी कचरा-सांडपाण्याचे. त्या 76 पैकी 39 भाग एकट्या वीजनिर्मितीचे! मोठे भगदाड दिसले.

आता माती हाताशी आहे का? सिमेंट घ्या. भट्टीतले इंधन बदलले, तरी चुनखडी भाजताना तिच्यातूनच कर्बवायू निघतो. तिथला उपाय अवघड. विजेला मात्र ऊन आणि वारा आहे. शिवाय मोटार विजेवर चालवली आणि वीज कोळशाचीच राहिली, तर धूर रस्त्यावरून वीजघरात गेला, एवढेच. म्हणून वीज आधी.

तिसरा प्रश्न असा, की झळ कोणाला बसणार? जनावराच्या रवंथातून आणि पाणी साचलेल्या भातखाचरातून मिथेन वायू निघतो, हे खरे. म्हणून का दोन म्हशींवर चालणारे घर मोडायचे? तिथे चारा सुधारावा, खाचर मधूनमधून सुकू द्यावे. तसेच चंद्रपूरच्या खाणीत राबणाऱ्याची चूल कोळशाच्या मजुरीवर पेटते. त्याच्या हाताला दुसरे काम मिळणे, हेही याच हिशेबात धरले पाहिजे.

तिन्ही प्रश्नांना उतरणारे काम आपल्या बांधावरच आहे. शेतीपंपाला दिवसा सूर्याची वीज देण्याची योजना महाराष्ट्रात 2017 साली सुरू झाली. अशी वीज पोचते तिथे कोळसा वाचतो, आणि रात्री-बेरात्री विंचूकाट्यात दारे धरणेही टळते.

गुरुजनहो, मुलांकडून गावात काय काय जळते याची यादी करून घ्या. प्रत्येक नावापुढे विचारा : किती मोठे? उपाय हाताशी आहे का? झळ कोणाला? उत्तरे मुलेच देतील.