शिवणयंत्रावरच्या बहिणींचे काय?

बारामतीच्या हायटेक टेक्सटाईल पार्कच्या अध्यक्षा म्हणून सुनेत्रा पवार यांचे नाव झाले. तेथे बायाबापड्यांना रोजगार मिळाला, हे आम्ही नाकारत नाही. 2024 साली त्या लोकसभेला उभ्या राहिल्या. बारामती, इंदापूरसह सहा विधानसभा क्षेत्रांच्या मतदारांनी सुप्रिया सुळे यांना दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून दिले. त्याच जून महिन्यात पराभूत उमेदवार राज्यसभेवर बिनविरोध गेल्या. कायद्याने यात गैर काही नाही. पण जिंकलेल्या आणि हरलेल्या दोघीही एकाच घराण्यातल्या! मग शिवणयंत्रावर बसणाऱ्या बाईने संसदेत कोणत्या दाराने जायचे?

बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. 1946 साली मजूरमंत्री म्हणून आठवड्याचे काम 48 तासांवर आणणारे विधेयक त्यांनीच मांडले. राज्यघटनेचे कलम 43-क तर कारखान्याच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग सांगते. तेव्हा बहिणींनो, रोजगार म्हणजे कुणाचे उपकार नव्हेत. संघटना बांधा, आधी व्यवस्थापनात जागा मागा, मग विधानसभेतही मागा!