लॉगच्या पोटातलं नाव बदलायचं कसं?

पूर्ण्याहून बोलतोय. मागून गाडीचा भोंगा आला तर सांभाळून घ्या, जंक्शनचं गाव आहे.

समजा, तिकिटांचं ॲप आहे. प्रवाशाचे पैसे कटले, तिकीट आलंच नाही. तुम्ही लॉगमध्ये 'पीएयू' शोधता, म्हणजे आपल्या पूर्णा स्टेशनचा कोड. निम्म्याच नोंदी सापडतात. का? बुकिंगच्या सर्व्हिसने 'गाडी.स्टेशन.कोड' लिहिलंय, पेमेंटच्या सर्व्हिसने 'गाडी.एसटीएन.सीडी'. पैसे कुठं अडकले ते नेमकं दुसऱ्या निम्म्यात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये औरंगाबाद स्टेशनचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, कोडही एडब्ल्यूबीचा सीपीएसएन झाला. तिथं रकान्यातला मजकूर बदलला. आपल्याला रकान्याचंच नाव बदलायचंय, आणि तेही आतल्या रकान्याचं.

डॉटनेटमध्ये सेरिलॉग वापरणारे आधी क्लासवर 'जेसनप्रॉपर्टीनेम' लावतात. लावून बघा, लॉगमध्ये काहीच बदलत नाही! सेरिलॉग ऑब्जेक्ट उलगडताना जेसन सिरियलायझरला विचारत नाही, प्रॉपर्टीचं नाव थेट उचलतो. बरं, मग एन्रिचर? तो वरच्या थरातली प्रॉपर्टी सहज जोडतो, काढतो. पण आतली रचना एकदा तयार झाली की तिच्यात बदल होत नाही. अख्खी नवी बांधून जुनीच्या जागी ठेवावी लागते. पाटी बदलायला घर पाडायचं, असला प्रकार.

मी तरी ऑब्जेक्ट उलगडतानाच नाव ठरवतो. 'डिस्ट्रक्चर.बायट्रान्सफॉर्मिंग'मध्ये त्या क्लाससाठी हव्या त्या नावांचा छोटा ऑब्जेक्ट परत द्यायचा. तो क्लास दुसऱ्या ऑब्जेक्टच्या आत असला तरी हा नियम लागू होतो. फक्त मेसेजमध्ये नावाआधी ॲट-चिन्ह हवं, नाहीतर उलगडणंच होत नाही. क्लासवरच लिहायचं असेल तर डिस्ट्रक्चुरामा ॲट्रिब्यूटेड पॅकेजमधलं 'लॉगविथनेम' आहे.

आणि जुन्या नोंदी? इलास्टिकसर्च असेल तर जुन्या इंडेक्सच्या मॅपिंगमध्ये नव्या नावाचा फील्ड अलायस टाका, तो जुन्या फील्डकडे बोट दाखवेल. मग एकाच शोधात दोन्ही काळांतल्या नोंदी येतात. पण अलायसमध्ये लिहिता येत नाही, म्हणून नव्या नावाच्या नोंदी आधी नव्या इंडेक्सकडे वळवा. आणि जुनी नोंद उघडून बघाल तर आत 'एसटीएन'च दिसेल. अलायस फक्त शोधापुरता, नोंद आहे तशीच राहते.