मिलर ग्रहावरचा एक तास
क्रिस्टोफर नोलन यांच्या ‘इंटरस्टेलर’ (२०१४) या चित्रपटात मिलर ग्रहावरचा एक तास पृथ्वीवरच्या सात वर्षांएवढा असतो. ही निव्वळ थाप वाटते, पण आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतात ती बसते. प्रबळ गुरुत्वाकर्षणात काळ संथ होतो. मात्र तो साठ हजार पटींहून अधिक संथ व्हायचा, तर ग्रहाने कृष्णविवराच्या अगदी काठाशी फिरायला हवे.

चित्रपटाचे सल्लागार होते भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न; पुढे २०१७ साली गुरुत्वीय लहरींवरच्या कामासाठी त्यांना नोबेल विभागून मिळाले. त्यांनी गणित मांडले: गार्गांचुआ हे कृष्णविवर स्वतःभोवती जवळजवळ कमाल शक्य वेगाने फिरत असेल, तरच इतक्या जवळची कक्षा स्थिर राहते. निसर्गात एवढा वेग घडणे फार अवघड, पण नियम कुठेही मोडत नाही. त्याचे वस्तुमान सूर्याच्या १० कोटी पट धरले, त्यालाही कारण आहे. कृष्णविवर जितके लहान, तितका त्याच्या काठाशी भरती-ओहोटीचा ताण जास्त. लहान असते तर ग्रहाच्या चिंध्याच झाल्या असत्या.

मला सर्वांत आवडतात त्या मिलर ग्रहावरच्या डोंगराएवढ्या लाटा. ग्रहाची एकच बाजू कायम कृष्णविवराकडे असते, पण तो किंचित मागेपुढे डोलतो आणि त्याने समुद्र हिंदकळतो, असे थॉर्न यांचे स्पष्टीकरण. किती सुंदर भौतिकशास्त्र आहे हे!

याच चित्रपटातल्या मॅन ग्रहावरचे गोठलेले ढग मात्र पटत नाहीत. घट्ट बर्फ हवेपेक्षा कितीतरी जड. आधाराशिवाय तो आकाशात टिकणार नाही.