मोबाइलची प्रणाली आणि प्रतीचा अधिकार

भाषेच्या अभ्यासकाने मोबाइलच्या प्रणालीविषयी लिहावे, याचे काही वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु अँड्रॉइडच्या प्रारंभीच्या अनेक संचांवर मराठी मजकूर नुसत्या चौकोनांच्या रूपाने दिसे, किंवा जोडाक्षरे फुटून ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या पुढे जाऊन बसे, हे ध्यानी घेतले म्हणजे या विषयाशी आमचा संबंध कळून येईल. निर्मात्याने दोष दूर केला नाही, तर हौशी जाणकारांनी सुधारलेली संपूर्ण प्रणाली, म्हणजे बोलीतील ‘कस्टम रॉम’, संचात भरणे हा एक उपाय उरे. ती इतरांस वाटण्याचा अधिकार कोणास, हा प्रश्न आहे.

अँड्रॉइडचा गाभा खुला आहे. परवान्याच्या अटी पाळून कोणीही त्यात फेरफार करावा व तो वाटावा. जीमेल, नकाशे, यूट्यूब ही गूगलची ॲप मात्र खुली नाहीत. व्याकरण सर्वांचे, पण विशिष्ट कोश प्रकाशकाचा, असाच काहीसा हा भेद होय. स्टीव्ह कॉंडिक यांच्या ‘सायनोजेनमॉड’मध्ये दोन्ही एकत्र वाटली जात, म्हणून सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने त्यांस वितरण थांबविण्याचे पत्र धाडले. तोड निघाली ती अशी : वाटावयाची प्रणाली खुल्या भागाचीच असावी, आणि बंदिस्त ॲप ग्राहकाने आपल्याच संचातून काढून पुन्हा त्यातच ठेवावीत. गूगलची बाजू कायद्याने चुकीची होती असे म्हणवत नाही; एकट्या माणसास आलेल्या अशा पत्राचा धाक मात्र कायद्याहून मोठा असतो.

आपल्याकडील वाद निराळ्या जातीचा. कॉंडिक यांच्या कंपनीने भारतापुरता अनन्य हक्क मायक्रोमॅक्सला दिला, आणि डिसेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वनप्लसच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली; ती त्याच महिन्यात खंडपीठाने उठविली. फुकट वाटपातून वाढलेल्या कामाच्या नावाने एकाधिकार मागितला गेला, हे लक्षणीय आहे.

१९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे कलम ५२ संगणक-आज्ञावलीच्या कायदेशीर धारकास संरक्षक प्रत करण्याची मुभा देते. २०१२ साली आलेले कलम ६५-अ हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. ‘हेतूने’ या एका पदावर किती भार पडला आहे!

तथापि आता पत्राची गरजही क्वचितच पडते. काही कंपन्या संचाचे कुलूप उघडूच देत नाहीत. आणि बदललेली प्रणाली आढळताच बँकांची कित्येक ॲप चालण्याचे नाकारतात. बार्शीटाकळीसारख्या गावी थोरल्याचा जुना संच धाकट्याकडे जातो. निर्मात्याने त्याच्या दुरुस्त्या केव्हाच थांबविलेल्या असतात. अशा वेळी सुरक्षित प्रणाली घ्यावी की बँकेचा व्यवहार राखावा, हे त्या धाकट्यानेच ठरवावयाचे असते.