रेबीजची चावी, औषधाच्या हाती!

रेबीजचा विषाणू चेतापेशींना धरत धरत मेंदूपर्यंत पोचतो. मेंदूवरची बहुतेक औषधं मात्र दारातच अडतात. कारण? मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की रक्तातलं सहसा काही आत झिरपतच नाही. हाच 'ब्लड-ब्रेन बॅरिअर'. एरवी आपला रक्षक, आजारपणात मात्र अडसर.

मग विषाणूचीच युक्ती उचलली तर? २००७ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनात नेमकं हेच केलं होतं. रेबीजच्या प्रथिनातला फक्त २९ अमिनो आम्लांचा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, घेतला. एवढ्याशा तुकड्याने रेबीज होत नाही. पण पेशींना धरायचं कसब त्यात असतं. त्याला आर्जिनिनच्या नऊ मण्यांची शेपटी जोडली आणि तिला विषाणूची वाढ रोखणारा आरएनए चिकटवला. जीवघेणा जपानी मेंदूज्वर दिलेल्या उंदरांना हे मिश्रण शिरेतून टोचलं, तर सुमारे ८० टक्के उंदीर वाचले!

अर्थात, उंदीर म्हणजे माणूस नव्हे. रक्तातली एन्झाइम्स पेप्टाइड पटकन कातरतात. शिवाय ते फक्त मेंदूतच जाईल, याचीही खात्री हवी. त्यामुळे टिकाऊ आणि नेमकी चावी घडवणं अजून बाकी आहे. बायो, केमिस्ट्री, कोडिंग... काम तिघांनाही आहे. बोला, कोण येतंय?